हिरव्या पेशी, लाल शेरा

प्रूफ सोमवारी दुपारी दोन वाजता आलं. अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत पाठवा, असं संपादकांनी लिहिलं होतं. मासिक परदेशी, तेही नाव असलेलं. आमच्या फार्मसी कॉलेजातून तिथं याआधी कुणाचाच पेपर गेला नव्हता.

प्रूफ म्हणजे छापण्याआधी लेखकाकडे येणारी शेवटची प्रत. त्यात स्पेलिंग बघायचं, नावं बघायची, पत्ता बरोबर आहे का ते बघायचं. विज्ञान तपासायची वेळ तेव्हा टळून गेलेली असते. मीही त्याच तयारीनं बसले होते. चष्मा पुसला, चहा मागवला. पहिलं नाव रूपाली चौगुले, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दुसरं नाव माझं. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मनात म्हटलं, चला, शेवट गोड झाला.

गेटवर फ्लेक्स तर आठवड्यापूर्वीच लागला होता. कोल्हापुरात पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, हे तर कॅन्सरचं काम. वर ट्रस्टींचे पाच फोटो, मधोमध हिरव्यागार पेशींचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सरच्या पेशीत औषध पोहोचवण्यात आमच्या महाविद्यालयाला यश’. रूपालीचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. माझा त्याहून जरा मोठा. मी आमच्या प्राचार्यांना, माने सरांना म्हटलं, “सर, औषध अजून उंदरापर्यंतसुद्धा पोहोचलेलं नाही.”

ते म्हणाले, “मॅडम, फ्लेक्सवर उंदीर कसा घालायचा?”

काम काय होतं ते सांगते. कॅन्सरचं औषध शरीरात सगळीकडे जातं आणि चांगल्या पेशींनाही झोडपतं. म्हणून ते एका अतिशय बारीक कणात भरून पाठवायचं. हा कण इतका बारीक, की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही. त्याला नॅनोपार्टिकल म्हणतात. आम्ही लॅबमध्ये नुसतं पार्टिकल म्हणतो, इथं कण म्हणते. कण पॉलिमरचा असतो, म्हणजे एकसारखे छोटे तुकडे जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा. आमच्या कणाचा गाभा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरचा होता आणि वरून दुसऱ्या पॉलिमरचं अस्तर. हे अस्तर कायटोसॅनचं. कोळंबीच्या टरफलांपासून ते बनतं. त्याच्यामुळे कण पेशीला चिकटतो आणि मग पेशी तो गिळते, असा आमचा दावा होता.

पेशीनं कण गिळला हे दाखवायचं कसं? औषध डोळ्यांना दिसत नाही. म्हणून औषधाच्या जागी कणात एक चमकणारा रंग भरतात. खास मायक्रोस्कोपखाली निळा उजेड टाकला की तो हिरवा चमकतो. पेशींना कण खायला घालायचे, चार तासांनी पेशी धुवायच्या आणि बघायचं. पेशी हिरवी दिसली, म्हणजे कण आत गेला. रूपालीच्या पेशी अशा काठोकाठ हिरव्या दिसायच्या, की बघणारा वा म्हणूनच उठायचा.

यात एक खोट असू शकते. रंग कणातून बाहेर सांडला आणि एकटाच पेशीत शिरला, तर? पेशी तेव्हाही हिरवीच दिसणार. म्हणून रंग कणात पक्का बसलाय ना, हे आधी तपासावं लागतं. आमची पद्धत अशी होती. कण एका पातळ पिशवीत भरायचे. पिशवीची भोकं इतकी बारीक, की सुटा रंग बाहेर येईल पण कण येणार नाही. पिशवी दिवसभर पाण्याच्या बीकरमध्ये सोडायची. याला डायलिसिस म्हणतात. पाणी स्वच्छ राहिलं, म्हणजे रंग पक्का. ही पद्धत चौदा वर्षांपूर्वी मीच लिहून काढली होती. लॅमिनेट करून लॅबच्या भिंतीवर लावली होती, खाली माझी सही होती. माझ्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. याच कागदावर झाल्या होत्या.

रूपाली कोडोलीची. वडिलांच्या म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. घरातली काय, गल्लीतलीही एवढं शिकलेली ती पहिलीच. पेपर छापून आला की ती थीसिस देणार होती, आणि थीसिस दिली की हैदराबादच्या एका औषध कंपनीत रुजू होणार होती. कंपनीचं पत्र आलेलं होतं. अट एकच, जूनच्या आत थीसिस सादर झालेली पाहिजे. म्हणजे तिचं सगळं माझ्या टेबलावरच्या त्या प्रूफला टांगलेलं होतं.

मी दुसऱ्या पानावर होते तेव्हा दस्तगीर मामा दारात आले. मामा आमचे लॅब अटेंडंट. तीस वर्षं त्यांनी आमची काचेची भांडी धुतली. कोणत्या विद्यार्थ्याचं काम कसं चाललंय ते त्यांना बीकरवरून कळतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. वडील आणि आजोबा पटके, म्हणजे फेटे, रंगवायचे. तो धंदा बसला म्हणून मामा नोकरीला लागले.

“म्याडम, जरा हिकडं येताय काय? एक दाखवायचं हाय.”

“मामा, प्रूफ चाललंय.”

“दोन मिन्टं. मग बसा की परूफ करत.”

मी कुरकुरत उठले. सिंकवर रूपालीचा डायलिसिसचा बीकर होता. पाणी ओतून दिलेलं होतं. मामांनी त्यात नळाचं पाणी घेतलं, हलवलं, खिडकीशी धरलं. पाणी स्वच्छ. ते ओतलं. मग घासणीला साबण लावून बीकर आतून चोळला आणि फेस उन्हात धरला. फेसाला हिरवट पिवळी झाक होती. फार नाही, पण होती.

“पाण्यात उतरत न्हाय,” मामा म्हणाले. “साबण लागला की उतरतोय. रोजचंच हाय ह्ये.”

“मग आजवर बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुमास्नी ठावं असंल. पर गेटावर त्यो बोर्ड लागला. यश म्हणून लिवलंय. म्हटलं इचारावं एकदा, रंग पक्का हाय न्हवं?”

“पक्का आहे. पाणी स्वच्छ राहतं.”

“म्याडम, पटका पक्का हाय का कच्चा, ते आमच्यात नुसत्या पाण्यात कोण बघत न्हवतं. माझा बा साबणाच्या पाण्यात बुडवायचा, संगं एक पांढरी चिंधी टाकायचा. चिंधी रंगली की पटका परत भट्टीवर.”

मला राग आला. खरं सांगायचं तर राग मामांचा नव्हता, पण निघाला त्यांच्यावर. “मामा, हे कापड नाही,” मी म्हटलं.

“व्हय, ते बी खरं,” म्हणाले आणि पुढचा बीकर घासायला घेतला.

मी परत येऊन बसले. प्रूफची तीच ओळ चार वेळा वाचली. मामांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं असं नाही, हेच तर दुखत होतं. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलकट पदार्थात मात्र झटकन उतरतो. मिसळीचा लाल रंग जसा वरच्या कटात असतो, पाणी कितीही घाला, तो तेलातच राहतो, तसाच हा. मग आमच्या बीकरमधलं पाणी स्वच्छ राहणारच होतं. रंगाला पाण्यात जायला जागाच नव्हती; थोडाफार सुटायचा तो बीकरच्या काचेला चिकटून बसायचा. पण पेशींच्या बशीत नुसतं पाणी नसतं. पेशींच्या खाद्यात सीरम असतं, म्हणजे रक्तातला पातळ भाग, आणि त्यातली प्रथिनं असा रंग उचलून धरतात. शिवाय पेशीभोवतीचं आवरणच चरबीचं असतं. मामांच्या वडिलांची पांढरी चिंधी म्हणजे आमची पेशी होती, आणि चिंधी हिरवी झाल्याबद्दल आम्ही फ्लेक्स लावला होता.

मी रूपालीला बोलावलं. सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला.

“पण मॅडम, पेपर तपासणाऱ्या दोन्ही रेफ्रींनी यावर काही विचारलं नाही.”

“नाही विचारलं. डायलिसिस केलं असं आपण लिहिलंय, म्हणून नाही विचारलं.”

“मग आता?”

“उद्याचा दिवस आहे आपल्याकडे. एकच प्रयोग करू.”

प्रयोग साधा होता. कण पेशींच्या खाद्यात, सीरमसकट, चार तास ढवळत ठेवायचे. पेशी नाहीत, नुसतं खाद्य. मग ते मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. हे मशीन इतक्या जोरात फिरतं, की कण तळाला जाऊन बसतात. वर राहतं ते स्वच्छ पाणी, ठेवलेल्या ताकावर निवळी येते तसं. ही निवळी काढून पेशींना द्यायची. निवळीत कण नाहीतच. पेशी चमकल्या नाहीत, काळ्याच राहिल्या, तर आम्ही सुटलो. हिरव्या झाल्या, तर रंग एकटाच फिरतोय.

“नाही होणार हिरव्या,” रूपाली म्हणाली.

“नाही होणार,” मीही म्हटलं. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मंगळवारी सकाळी आठला सुरुवात केली. बाराला कण फिरवायला टाकले. एकला निवळी पेशींवर घातली आणि पेशी इनक्युबेटरमध्ये, म्हणजे शरीराइतकं ऊबदार राहणाऱ्या कपाटात ठेवल्या. मध्ये चार तास हातात होते. रूपालीनं तिचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी परीक्षेचे पेपर तपासायला घेतले आणि एका मुलीला वीसपैकी बावीस मार्क दिले.

साडेपाचला मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. मी डोळा लावला. निळा उजेड सोडला.

पेशी हिरव्या होत्या. काठोकाठ, अगदी फ्लेक्सवरच्या सारख्याच.

मी बाजूला झाले. रूपालीनं पाहिलं. उठली, बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली. पाच मिनिटांनी परत आली ती एक जुनी वही घेऊन. तिच्या पहिल्या वर्षाची लॅबची वही. तिनं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिची मराठी एरवी माझ्यापुढे शहरातली असायची. त्या क्षणी ती कोडोलीची झाली.

“मी तवाच दाखवलो होतो मॅडम तुम्हाला.”

पानावर लिहिलं होतं ‘थंड कंट्रोल’. कंट्रोल म्हणजे आपल्याच कामातली खोट शोधायला मुद्दाम केलेला प्रयोग. पेशी थंडीत ठेवली की तिचं खाणं थांबतं. फ्रिजमध्ये पेशींना कण दिले तर पेशींनी ते गिळायला नकोत, म्हणजे पेशी काळ्या राहायला हव्यात. रूपालीनं पहिल्याच वर्षी हे करून पाहिलं होतं. थंडीतही पेशी तेवढ्याच हिरव्या आल्या होत्या. तिनं तसं लिहिलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि त्याखाली लाल पेनानं, माझ्या अक्षरात शेरा होता. ‘फ्रिज बरोबर नाही. हा भाग सोडून द्या.’ खाली सही.

मला तो दिवस आठवला. त्या फ्रिजवरून माझं स्टाफशी भांडण चालू होतं. वरच्या दोन कप्प्यांत आमचे नमुने, आणि खालच्या कप्प्यात, सगळे नियम धाब्यावर बसवून, मास्तर मंडळींच्या ताकाच्या बाटल्या. दार दिवसातून पन्नास वेळा उघडायचं. मी सगळ्यांना बजावत फिरत होते, की या फ्रिजचं तापमान राहत नाही. तो राग घेऊनच मी वही तपासायला बसले होते. वहीत नको ते उत्तर दिसलं आणि मी फ्रिजला दोष देऊन मोकळी झाले.

मग मला त्या पानाच्या कोपऱ्यातली ओळ दिसली. बारीक अक्षरात रूपालीनं लिहिलं होतं, ‘तापमान चार डिग्री. तीनदा मोजलं.’

मी त्या ओळीच्या बरोबर खाली शेरा मारला होता, ती न वाचता.

लाज वाटणं म्हणजे काय ते मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. मी तिला म्हटलं, “रूपाली, तुझी चूक नाही यात.” ती वही मिटून म्हणाली, “चूक कुणाची का असंना मॅडम, थीसिस माझी आहे.”

बुधवारी सकाळी मी माने सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

“मॅडम, हे कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय, सर.”

“तसं नव्हे. मी काय म्हणतो, पेपर येऊ दे. पोरीची थीसिस जाऊ दे, नोकरी लागू दे. मग सहा महिन्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवा की. पाठवू नका असं मी म्हणतच नाही. तिचं वर्ष कशाला घालवताय?”

माने सरांना लोक फ्लेक्सवाले सर म्हणून हसतात. पण त्या दिवशी ते फ्लेक्ससाठी बोलत नव्हते, रूपालीसाठी बोलत होते. आणि खोटं कशाला सांगू, हा मार्ग मलाही सुचला होता. मंगळवारी घरी जाताना रिक्षात मी त्या दुरुस्तीच्या पत्राची पहिली दोन वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती.

“तिला विचारते,” मी म्हटलं.

लॅबपाशी आले तर बाकावर रूपालीचे वडील. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर स्टीलचा डबा. म्हैस व्यालेली, म्हणून खरवस आणला होता. फ्लेक्सचा फोटो काढून न्यायला आले होते, डेअरीवर दाखवायला. दस्तगीर मामा त्यांना म्हणत होते, “पावणं, बसा निवांत. च्या टाकलाय.” पण पाहुणे निवांत नव्हते. रूपाली भिंतीला टेकून उभी होती. म्हणजे तिनं त्यांना सांगितलं होतं.

मी तिला आत बोलावलं आणि माने सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. माझं मत सांगितलं नाही. तिनं भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे पाहिलं.

“काढून घ्या मॅडम,” ती म्हणाली. “हैदराबादला मला हेच कण करायचेत. तिथं पहिल्याच आठवड्यात कुणी निवळी तपासली तर मी काय सांगू? आधीच माहीत होतं म्हणून?”

“नोकरी जाईल कदाचित.”

“जाईल.” मग, “तुम्ही आधी बघायला पाहिजे होतं मॅडम.”

“हो,” मी म्हटलं. “पाहिजे होतं.”

बाहेर आलो. तिचे वडील उठून उभे राहिले.

“म्याडम, मला त्यातलं काय कळत न्हाय. येकच सांगा. पोरीनं काय चुकीचं क्येलंय?”

“नाही दादा. तिनं बरोबर करून दाखवलं होतं. मी मानलं नाही. चूक माझी आहे.”

आवाज चढवतील असं वाटलं. चढवला असता तरी चाललं असतं.

“मग तसं लिवून द्या,” ते म्हणाले. “तोंडी सांगितल्यालं कोडोलीपत्तूर टिकत न्हाय. उद्या गावात म्हंतील, चौगुल्याच्या पोरीनं कायतरी घोळ क्येला म्हणून छापायचं ऱ्हायलं.”

मी त्यांच्यासमोरच बसून संपादकांना पत्र लिहिलं. पेपर मागे घेत आहोत. रंग कणातून सुटत होता, त्यामुळे पेशी कण गिळतात हा निष्कर्ष काढता येत नाही. चूक मार्गदर्शकाच्या पद्धतीत होती. विद्यार्थिनीनं पहिल्याच वर्षी योग्य कंट्रोल करून ही शंका दाखवली होती आणि ती मी, न तपासता, बाजूला सारली. पत्र एक वाजता पाठवलं. मुदत संपायला तास होता. मग तेच मराठीत एका कागदावर लिहून, सही करून चौगुल्यांना दिलं. त्यांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि खरवसाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. “खावा,” म्हणाले. “आणल्याला परत न्येत न्हाईत.”

तो खरवस मला गिळवला नाही. मामांनी आणि माने सरांनी खाल्ला.

फ्लेक्स माने सरांनी दुसऱ्या दिवशी उतरवून घेतला. मामांनी तो मागून नेला आणि सरपणावर टाकला. पावसाळा झाल्यावर मी विचारलं तर म्हणाले, “हिरवा पार उडाला. ट्रस्टी तेवढं दिसत्यात अजून.”

माझ्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना मी फोन केले. एकजण म्हणाला, “मॅडम, आता कशाला उकरताय?” दुसरीनं त्याच संध्याकाळी तिच्या जुन्या वह्या काढल्या. दोघांच्या पेपरांबद्दल मी त्या त्या मासिकांना पत्रं लिहिली. एका मासिकानं दुरुस्ती छापली. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

हैदराबादची कंपनी दोन महिने थांबली आणि मग तिनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. रूपाली काही आठवडे माझ्याशी हो मॅडम, नाही मॅडम, एवढंच बोलायची. ते मला चालवून घ्यावंच लागलं. पण काम तिनं सोडलं नाही. या वेळी तिनं दुसरा रंग घेतला आणि तो कणात नुसता भरला नाही, पॉलिमरच्या साखळीलाच रासायनिक गाठ मारून बांधला. मग साबणाच्या पाण्यात तपासला, सीरममध्ये तपासला, निवळी काढून पेशींना दिली. पेशी काळ्याकुट्ट. काळ्या पेशी बघून एवढं हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग कण दिले. आता पेशी काठोकाठ हिरव्या झाल्याच नाहीत. नीट बघितल्यावर आत बारीक बारीक ठिपके दिसले, काही पेशींत पाच-सात, काहींत एकही नाही. कण खरंच गिळले जातात तेव्हा असेच ठिपके दिसतात, कारण पेशी त्यांना छोट्या थैल्यांत भरून आत घेते. सगळी पेशी सारखी हिरवी दिसणं हीच मुळात सांडलेल्या रंगाची खूण होती. आम्ही दोन वर्षं त्या खुणेवर खूश होतो. शेवटी तिनं थंड कंट्रोल केला. ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. फ्रिज तोच होता. खालच्या कप्प्यात ताकही होतं.

म्हणजे कण पेशीत जात होते, फक्त आम्ही म्हटलं होतं त्याच्या मानानं फार थोडे. त्याचा पेपर झाला, एका साध्या मासिकात, साध्या नावाचा. भिंतीवरचा माझा कागद काढला आणि नवा लावला. त्यात साबणाचं पाणी आहे, निवळी आहे, थंड कंट्रोल आहे. वर मामांचं नाव घालावं म्हटलं तर ते म्हणाले, “माझं कशाला? माझ्या बाचं काम हाय त्ये.” म्हणून मुलं त्याला रंगाऱ्याची टेस्ट म्हणतात.

रूपालीची थीसिस दीड वर्ष उशिरा गेली. तोवर मी निवृत्त झाले होते, मार्गदर्शक म्हणून दुसऱ्या सरांचं नाव लागलं. थीसिस बांधायला टाकायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

“मॅडम, ते पान परिशिष्टात घालू का? लाल शेऱ्यासकट?”

“घाल,” मी म्हटलं.

तोंडी परीक्षेला मी श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत बसले होते. मागच्या रांगेत चौगुले आणि दस्तगीर मामा शेजारी शेजारी. बाहेरगावचे परीक्षक थीसिस चाळत परिशिष्टापर्यंत आले आणि थांबले.

“हा थंड कंट्रोल तुम्ही पहिल्याच वर्षी केलात?”

“हो सर.”

“मग हा शेरा कुणाचा?”

रूपालीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभी राहिले.

“माझा, सर.”

“फ्रिज खरंच बिघडलेला होता का?”

“नाही. फ्रिज बरोबर होता.”

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

अजूनही आठवड्यातून दोनदा मी कॉलेजात शिकवायला जाते. पोरं वह्या घेऊन येतात. लाल पेन मी टाकून दिलेलं नाही, शेरेही मारते. पण मनाविरुद्धचं उत्तर वहीत दिसलं, की पेनाचं टोपण काढायच्या आधी पानाचे चारही कोपरे वाचते.